चाळणीवर उरलेली माती

प्रयोगशाळेत मातीचा नमुना आला की पहिले काम ठरलेले असते. तो सावलीत वाळवायचा, लाकडी मोगरीने ढेकळे फोडायची आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायचा. खाली पडते ती माती. तिचा सामू, सेंद्रिय कर्ब, पालाश, सगळे मोजले जाते आणि चाळणीवर उरलेले टाकून दिले जाते. सोलापूरकडच्या भारी काळ्या जमिनीसाठी ही रीत ठीक आहे, कारण चुनखडीचे चार खडे सोडले तर तिथे वर काही उरत नाही. भीमाशंकरच्या जंगलउतारावरून आणलेला नमुना मात्र कधीकधी निम्म्याहून अधिक चाळणीवरच राहतो. मग अहवालात जिचे वर्णन येते ती माती त्या उतारावर नसतेच. डोंगरउताराच्या उथळ, खडेमय मातीचा अभ्यास करायला निघालेल्या प्रत्येकाचे या पुस्तकात मनापासून स्वागत आहे, आणि पहिली विनंती हीच, की चाळणीवरचे खडे टाकू नका. तेही मातीचेच अंग आहेत.

आपल्या भाषेत या जमिनीला नावे भरपूर आहेत: मुरमाड, बरड, कोकणात वरकस, आणि सातबाऱ्यावर पोटखराब. ही नावे नांगराने ठेवली आहेत. ज्याला त्या उतारावर नाचणी-वरी पिकवून पोट भरायचे होते, त्याचा अनुभव त्यांत आहे आणि तो खोटा नाही. पण शास्त्रानेही बराच काळ नांगराचेच माप उचलले आणि या मातीला अपुरी, अर्धवट राहिलेली माती समजले, हे मला पटत नाही. जागतिक वर्गीकरणात तिला ‘लेप्टोसोल’ म्हणतात. ग्रीक ‘लेप्टोस’ म्हणजे पातळ. अखंड खडक २५ सेंटिमीटरच्या आत लागला की माती या गटात जाते. अमेरिकी पद्धतीत ५० सेंटिमीटरच्या आत खडक असेल तर ‘लिथिक’ हे विशेषण लागते, आणि आकारमानाच्या ३५ टक्के किंवा अधिक खडे असतील तर नावात सांगाड्याचा उल्लेख येतो. हे आकडे लक्षात ठेवावेत, पण त्यांच्यावर थांबू नये.

ती पातळ का राहते, हा खरा प्रश्न आहे. १८७७ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री पर्वतांवर लिहिताना ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी त्याचे मर्म ओळखले होते. खालून खडक कुजून माती तयार होत असते आणि वरून ती उताराने निघून जात असते. थर जाड झाला की खालच्या खडकाला ऊन-पाण्याची झळ कमी लागते आणि नवी माती मंदावते; थर पातळ झाला की ती वेग धरते. वीतभर जाडी हा या दोन क्रियांचा मेळ आहे. नदीकाठची माती साचून राहते, उतारावरची सतत वाटेवर असते. खात्री करायची असेल तर एखाद्या जुन्या हिरड्याचे बूड पाहा. वरच्या अंगाला दगड-पाचोळ्याचा बांध घातल्यासारखा दिसेल आणि खालच्या अंगाला मुळे उघडी पडलेली असतील.

सह्याद्रीत या मातीचा जनक आहे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा. घट्ट थर कडा होऊन उभा राहतो आणि सच्छिद्र थर झिजून उतार होतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यांचे दिसतात. भेगांतून पाणी शिरले की दगड कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. बाहेरचा भुसभुशीत भाग म्हणजे मुरूम, आणि आत उरतो तो टणक गोटा. म्हणून खड्यांचे आकार वाचायला शिका. धारदार कोनांचा खडा बहुधा वरच्या कड्यावरून नुकताच घरंगळला आहे. पापुद्रे सुटलेला गोल गोटा बहुधा जागच्या जागी कुजतो आहे. एकाच खड्ड्यात दोन्ही सापडले, तर दोन वेगळ्या कहाण्या तिथे एकत्र आल्या आहेत.

पाण्याचा हिशेब मला या विषयात सर्वांत सुंदर वाटतो. समजा माती ३० सेंटिमीटर खोल आहे आणि त्यात निम्मे खडे आहेत. म्हणजे बारीक माती उरली १५ सेंटिमीटर. तिने आपल्या आकारमानाच्या १५ टक्के पाणी झाडांसाठी धरले, तर साठा होतो साडेबावीस मिलिमीटर. जंगलाने रोज चार मिलिमीटर ओढले, तर तो पाच-सहा दिवसांत संपावा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असला, तरी ऑक्टोबरनंतर जूनपर्यंत फारसे काही पडत नाही. तरीही तिथे सदाहरित अंजनी आणि जांभूळ उभे आहेत. हिशेबात चूक नाही, हिशेबाची हद्द चुकली आहे. झाडांची मुळे मातीच्या तळाशी थांबत नाहीत. ती खडकाच्या फटींत आणि कुजक्या मुरमात उतरतात, आणि तिथला ओलावा उन्हाळाभर पुरवतात. सातपुड्यातल्या अंजनाची मुळे खडकात शिरण्यासाठी प्रसिद्धच आहेत. कोरड्या, दगडी उतारांवर सलईही तशीच तग धरते. म्हणून या उतारांवर माती कुठे संपते आणि खडक कुठे सुरू होतो, याचे उत्तर झाडाला विचारावे.

पृष्ठभागावरचे खडेही कामाचे असतात. ते थेंबांचा मार झेलतात आणि खालच्या मातीच्या पोकळ्या उघड्या ठेवतात. पाचोळा आणि कारवीची दाट जाळी त्यांच्या मदतीला असते. जंगल तुटले की ही मदत आधी जाते, आणि मुळांची पकड काही वर्षांनी, ती कुजल्यावर.

इथे जबाबदारीचाही भाग येतो, कारण अशाच उतारांवर दरडी कोसळतात. माळीण, ३० जुलै २०१४. तळीये, २२ जुलै २०२१. इरसालवाडी, १९ जुलै २०२३. प्रत्येक ठिकाणची भूरचना वेगळी, त्यामुळे एकच कारण सर्वांवर चिकटवू नये. पण यंत्रणा समजून घ्यावी: मातीच्या पोकळ्यांत पाण्याचा दाब वाढला की कणाकणांतले घर्षण घटते, आणि खालचा अखंड खडक घसरगुंडी होतो. अतितीव्र उतारावरच्या वीतभर मातीपेक्षा घळीच्या डोक्याशी शतकानुशतके साचलेला जाड राडारोडा अनेकदा अधिक धोकादायक असतो. नकाशावर दोन्हींना एकच रंग देणे मला गंभीर चूक वाटते.

खडे वगळण्याची चूक कर्बाच्या मोजणीतही शिरते. बारीक मातीत ३ टक्के सेंद्रिय कर्ब, घनता १ आणि खोली ३० सेंटिमीटर धरली, तर हेक्टरी ९० टन कर्ब निघतो. निम्मे आकारमान खड्यांचे असेल तर खरा आकडा ४५.

क्षेत्रावर जाताना चाळणीबरोबर पहार, मोजपट्टी आणि खडे तोलायला साधा ताणकाटा घ्या. खड्डा लहानच खणा. उतारावर त्याची वरची भिंत वाचावी, कारण खालच्या बाजूला तुमच्याच पायांनी माती विस्कटलेली असते. काम झाल्यावर गोटे तळाशी, मुरूम त्यावर, काळसर माती सर्वांत वर, याच क्रमाने खड्डा भरा आणि पाचोळा पुन्हा पसरा. तसा न बुजवलेला खड्डा पहिल्याच वळवाच्या सरीत ओघळीचे तोंड होतो.