शिंगापासून संगणकापर्यंत : आवाजाचे छत

गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या घरात मुले गिटार आणि ड्रम जमवून आपले रॉक गाणे संगणकावर ध्वनिमुद्रित करतात, तेव्हा ते बाजारातील गाण्यापुढे क्षीण आणि विस्कळीत वाटते. पातळी वाढवावी, तर ड्रमच्या ठोक्यांना आवाज फाटतो. ही अडचण संगणकापेक्षा बरीच जुनी आहे.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला. त्याच्याजवळ मायक्रोफोन नव्हता. गायकाने शिंगाच्या तोंडाशी गायचे. हवेच्या कंपनांनी पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरायची. आवाज लहान असला तर तो तबकडीच्या खरखरीत बुडे. फार मोठा झाला तर सुई शेजारच्या खाचेत घुसे! मधली जागा थोडी. म्हणून त्या काळच्या शिंगापुढे तार स्वराला गायकाने मागे सरायचे आणि हळू स्वराला पुढे यायचे, अशी रीत पडली.

आजचा ‘काँप्रेसर’ हेच करतो. उंच शिखरे दाबतो. त्यामुळे वर जागा होते आणि सगळे ध्वनिमुद्रण उचलता येते. आपल्या कानाला मोठेपणा जाणवतो तो मुख्यतः सरासरी पातळीवरून, क्षणिक शिखरावरून नव्हे. संगणकाच्या आकड्यांनाही कमाल मर्यादा असते. तेच आपले छत.

घट्टपणाचे मूळ बरेचसे खालच्या स्वरांत आहे. तेवढ्याच मोठेपणासाठी त्यांना सुईचे आंदोलन फार मोठे लागते. शिंगाला ते नीट पकडताच येत नसत. आपल्याला येतात, आणि तिथेच घोळ होतो : गिटारची नको असलेली घुमघुम बास आणि ड्रमची जागा खाते. ती छाटली की ठोका मोकळा होतो.

१९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या सुमारे १९०५ च्या आणि १९३० च्या दशकातील तबकड्या शाळेत एकामागून एक ऐकवून पाहाव्यात. नंतरच्या तबकड्यांत हळुवार स्वरही टिकलेला आढळेल.

मात्र दाबण्याचा अतिरेक होतो, तोही अनुभवी मंडळींकडून. मेटॅलिका या अमेरिकी रॉक चमूचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह २००८ साली निघाला, तेव्हा आवाज इतका ठासून भरला होता की फाटलेपणाची तक्रार खुद्द चाहत्यांनीच केली.