गटारी, अलिबाग आणि रामदास

गटारीला अलिबागचा प्लॅन ठरला की दरवर्षी कुणीतरी कुरकुरतंच: "गेटवे-मांडवा बोटी नेमक्या पावसाळ्यात बंद का?" मंडळी, याचं उत्तर १७ जुलै १९४७ मध्ये आहे. वार गुरुवार, आषाढ अमावास्या, म्हणजे गटारीच!

सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. १९३६ ची बांधणी, आत सातशेच्या आसपास माणसं. बरेचसे सणाला गावी निघालेले चाकरमानी. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा, आणि रस्त्याने जायचं तर पनवेल-पेणचा लांबलचक वळसा.

पुढे काश्याच्या खडकाजवळ वादळी पावसाने गाठलं. भिजू नये म्हणून लोक एका बाजूला सरकले, बोट कलंडली, त्यात मोठी लाट आली. सगळं मोजक्या मिनिटांत. (गर्दी सरकली की गुरुत्वमध्यही सरकतो, हे फर्स्ट इयरला आपण मार्कांपुरतं शिकलो!) सहाशेहून जास्त माणसं बुडाली.

बोटीवर वायरलेस नव्हता. भर दिवसा, मुंबईच्या एवढ्या जवळ बोट बुडाली आणि शहराला कळायला संध्याकाळ व्हावी, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. जे वाचले, त्यातले बरेच रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला येणाऱ्या कोळ्यांमुळे. त्यांनी मासळी समुद्रात फेकली आणि माणसं वर घेतली.

आता २०२० पासून रो-रो आहे, ती पावसातही चालते. पण हवा बिघडली की तीही रद्द होते. होऊ दे!