फिनकॅसल: एका लुप्त जिल्ह्याची हकीकत

राज्यें लयास गेलीं म्हणजे इतिहासकार त्यांची नोंद घेतात. जिल्हा नाहींसा झाला तर त्याकडे सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. तथापि अल्पायुषी जिल्ह्याच्या चरित्रांतही मोठ्या राज्यक्रांतीचें प्रतिबिंब पडलेलें असतें. अमेरिकेंतील व्हर्जिनिया वसाहतीची फिनकॅसल कौंटी, म्हणजे जिल्हा, हें याचें उत्तम उदाहरण होय.

थोरले माधवराव पेशवे ज्या १७७२ सालीं निवर्तले, त्याच सालीं बॉटेटॉट जिल्हा तोडून हा नवा जिल्हा करण्यांत आला. गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांच्या घराण्यांतील एका पदवीवरून त्यास नांव मिळालें. कचेरी न्यू नदीकांठच्या शिशाच्या खाणींपाशीं होती. हद्द मात्र कागदावर हल्लींच्या केंटकीपर्यंत पसरली होती. ओहायोच्या दक्षिणेकडील हा मुलूख १७६८ सालीं इरोक्वा लोकांनीं इंग्रजांस लिहून दिला होता. परंतु तेथें शिकार करून राहणाऱ्या शॉनी लोकांस त्या वेळीं कोणीं विचारलेंच नव्हतें. त्याचें पर्यवसान १७७४ च्या युद्धांत झालें. त्यांत फिनकॅसलचे लोकही डनमोरच्या बाजूनें लढले, आणि शॉनींस तेथील शिकारीचा हक्क सोडावा लागला.

पुढें तीनच महिन्यांनीं, २० जानेवारी १७७५ रोजीं, याच जिल्ह्यांतील १५ पुढाऱ्यांनीं ठराव केला कीं, राजाशीं आमची निष्ठा आहे, परंतु प्राण गेले तरी स्वातंत्र्य सोडणार नाहीं. त्याच वर्षीं जून महिन्यांत डनमोर राजधानी सोडून लढाऊ जहाजाच्या आश्रयास गेला.

१७७६ सालीं हॅरड्सबर्गच्या वसाहतवाल्यांनीं जॉर्ज रॉजर्स क्लार्क व जॉन गेब्रिएल जोन्स यांस व्हर्जिनियाच्या विधिमंडळाकडे धाडलें. क्लार्कनें संरक्षणार्थ ५०० पौंड बंदुकीची दारू मागून घेतली. जो देश रक्षिण्यास योग्य नाहीं, तो आपला म्हणण्यासही योग्य नाहीं, असा त्याच्या मागणीचा रोख होता. त्याच वर्षाच्या अखेरीस फिनकॅसल मोडून माँटगोमेरी, वॉशिंग्टन व केंटकी असे तीन जिल्हे झाले. पहिल्या दोहोंस बंडखोर सेनापतींचीं नांवें मिळालीं, आणि लॉर्डसाहेबांची पदवी जिल्ह्याच्या नांवांतून पुसली गेली. केंटकी १७९२ सालीं स्वतंत्र राज्य झालें.

स्वतःच्या स्वातंत्र्यासाठीं प्राण देण्याची शपथ घेणाऱ्या त्या पुढाऱ्यांस शॉनींच्या हक्काची आठवण झाली नाहीं. केंटकी हा शब्द तेवढा मूळ रहिवाशांच्या भाषेंतला राहिला; भूमि मात्र त्यांची राहिली नाहीं.