दमसासाचा मागोवा

भोर-वेल्ह्याच्या मुलखात दमसासाला पूर्वापार मान आहे. गुंजवण्याहून चोरदरवाजाने राजगड चढताना आजही धडधाकट माणसाची छाती भरून येते. त्याच वाटांनी शिवकाळात निरोप आणि ओझी घेऊन मावळे रोज चढ-उतार करीत. त्यांच्या रक्तात काय बदल होत असतील, हे सांगणारी विद्या तेव्हा जगात कुठेच नव्हती. मात्र तिची सुरुवात त्याच काळातली आहे. 1628 मध्ये हार्वेने रक्ताभिसरण मांडले आणि 1669 मध्ये, राजगड राजधानी असताना, रिचर्ड लोअरने लिहिले की काळपट रक्त फुप्फुसात हवा मिळाल्यावर लालभडक होते. तेथून 1864 पर्यंत यावे, तेव्हा होप-झायलरने त्या लाल द्रव्याला हिमोग्लोबिन हे नाव दिलेले आपल्याला दिसते. त्याचा एक ग्रॅम सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहतो, हे त्या शतकाच्या अखेरीस हुफ्नरने मोजले.

याच सुमारास, 1890 मध्ये, फ्रेंच वैद्य व्हियो पेरूमधील मोरोकोचाला साडेचार हजार मीटर उंचीवर राहिला आणि तीनेक आठवड्यांत त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी वाढल्या. उंचीवरच्या हवेने रक्त वाढते, या समजाला त्यातून बळ मिळाले. पण तोरणा गडही 1403 मीटरच उंच. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 85 टक्के असतो आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरते. म्हणून मला वाटते, मावळ्याच्या दमाचे श्रेय गडाच्या हवेपेक्षा चढाला द्यावे.

कष्टातून आलेला असा दम पुढे शर्यतीतही दिसला. 1919 मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारे शेतकरी उद्योगपती दोराबजी टाटांनी पाहिले. त्यांच्या पुढाकाराने पुढच्याच वर्षी बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावे आले. अशा धावपटूंच्या रक्ताचे गणित उलगडायला आणखी तीस वर्षे लागली. 1949 मध्ये स्वीडनमधील शेलबर्ग, रुडे आणि शोस्ट्रांड यांनी दाखवले की कसलेल्या खेळाडूच्या शरीरात रक्त आणि हिमोग्लोबिन दोन्ही एकूण अधिक असतात.

ही वाढ एका दमात होत नाही. सरावाच्या पहिल्या काही दिवसांत आधी प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, वाढतो, रक्त पातळ होते. पेशींची भर मूत्रपिंडांतून निघणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या सांगण्यावरून, आठवड्यांच्या हिशेबाने पडते. आज सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा शर्यतीची तयारी करणारा एखादा तरुण रक्ततपासणी करतो, हिमोग्लोबिन किंचित खाली दिसते आणि तो घाबरतो. कित्येकदा ते केवळ प्लाझ्माने पातळ झालेले असते. रक्त एकूण वाढलेले असते, हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त ढकलत असते. पण लोह खरोखरच कमी असेल, तर पेशी घडायला कच्चा माल नसतो, म्हणून डॉक्टर अहवालात लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही पाहायला सांगतात.