लाल शाईखालचा नियम

दुसरी भाषा शिकणाऱ्याची चूक दीर्घकाळ वाईट सवय मानली गेली. मातृभाषा आणि नवी भाषा यांची तुलना केल्यास अडचणींचे भाकीत करता येते, असे रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये मांडले. १९६७ मध्ये एडिनबरा विद्यापीठातील पिट कॉर्डर यांनी प्रत्यक्ष चुकांनाच पुरावा मानले. घाईतली चूक वेगळी. पुनःपुन्हा होणारी चूक वेगळी. इंग्रजीत 'ईट'चे भूतकाळी रूप 'ईटेड' लिहिणारा विद्यार्थी शिकलेला नियमच पाळत असतो. नुसते लाल शाईने खोडले, तर तो नियम दिसत नाही. अशा चुकांची वर्गवारी केली, की विद्यार्थी कुठवर पोहोचला हे शिक्षकाला कळते आणि पुढचा धडा ठरतो.