मोहरीची पालेभाजी

मोहरीची पालेभाजी म्हणजे मोहरीच्या (शास्त्रीय नाव: ब्रासिका जन्सिया) कोवळ्या पानांची व देठांची भाजी होय. मोहरी ही ब्रासिकेसी कुलातील वर्षायू वनस्पती असून कोबी, मुळा व सलगम ही याच कुलातील पिके आहेत. महाराष्ट्रात मोहरीचा वापर प्रामुख्याने फोडणी, लोणच्याचा मसाला आणि फेसलेली मोहरी यांसाठी, म्हणजे बियांच्या रूपात होतो. पानांचा वापर उत्तर व पूर्व भारताच्या तुलनेत कमी आहे. विक्रोळीसारख्या मुंबईच्या उपनगरांत हिवाळ्यात कुंडीतही हे पीक घेता येते. मात्र मोहरी मातीतील काही जड धातू शोषून घेत असल्याने शहरी परसबागेत मातीची निवड विशेष महत्त्वाची ठरते.

वनस्पतीची ओळख

ब्रासिका रापा आणि ब्रासिका नायग्रा (काळी मोहरी) या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून ही जाती निर्माण झाली. तिच्या पेशींत ३६ गुणसूत्रे असतात. वू जांग-चुन या शास्त्रज्ञाने १९३५ साली ब्रासिका प्रजातीतील जातींचे हे परस्परसंबंध मांडले. पानांचा तिखटपणा सिनिग्रिन या द्रव्यामुळे येतो. पान चिरले किंवा चावले की मायरोसिनेज या विकराच्या क्रियेने त्यापासून झोंबणारे तेल तयार होते. पानांसाठी रुंद पानांचे वाण लावतात. ‘पुसा साग-१’ हा असाच एक वाण आहे.

हवामान व हंगाम

मोहरी हे रब्बी हंगामातील, थंडी मानवणारे पीक आहे. विक्रोळीच्या पूर्वेस ठाण्याची खाडी असून तेथील हवा दमट व थंडी सौम्य असते. त्यामुळे लागवडीचा काळ मर्यादित असतो. ऑक्टोबरमधील उष्मा ओसरल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास पेरणी केल्यास फेब्रुवारीपर्यंत पाने मिळतात. उन्हाळ्याची चाहूल लागताच रोपे लवकर फुलोऱ्यावर येतात. पाने निबर व कडवट होतात. पावसाळ्यातील सततच्या पाण्याने मुळे कुजतात.

कुंडीतील लागवड

सुमारे २० सेंटिमीटर खोल, तळाशी छिद्रे असलेली कुंडी किंवा वाफा पुरेसा होतो. रोज किमान चार ते सहा तास ऊन मिळणारी जागा निवडतात. बी सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरल्यास साधारणतः तीन ते सहा दिवसांत उगवते. रोपांना दोन-तीन खरी पाने आल्यावर विरळणी करून दोन रोपांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवतात. उपटलेली कोवळी रोपेही भाजीत वापरता येतात. साधारण महिन्याभरात बाहेरील पाने खुडण्याजोगी होतात. मधला कोंब राखल्यास पुन्हा पाने फुटतात. मावा, पिसू भुंगेरे व मोहरीवरील काळी अळी या प्रमुख किडी होत. अळ्या हाताने वेचणे आणि पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी हे घरगुती उपाय आहेत. पेरणीसाठी मिळणाऱ्या बियाण्यावर कीटकनाशक किंवा बुरशीनाशक लावलेले असू शकते. असे बियाणे मोड किंवा अंकुर खाण्यासाठी वापरू नये.

मातीची सुरक्षितता

१९९० च्या दशकात अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रदूषित जमिनीतील शिसे काढून घेण्यासाठी मोहरीचा अभ्यास केला. सामान्य जमिनीत शिसे मातीच्या कणांना घट्ट धरलेले असल्याने पानांत फार चढत नाही. कॅडमियम मात्र तुलनेने सहज शोषले जाते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, तरी रस्त्यांलगतच्या मातीत साचलेले शिसे दीर्घकाळ टिकून राहते. कारखाने, महामार्ग व भरावाची जमीन असलेल्या उपनगरांत हा धोका गृहीत धरावा लागतो. मुंबईतील रेल्वेमार्गालगत सांडपाण्यावर पिकणाऱ्या पालेभाज्यांबाबतही याच कारणाने चिंता व्यक्त होत आली आहे.

पाने धुतल्याने त्यांवरील धूळ निघते, परंतु आत शोषला गेलेला धातू निघत नाही. म्हणून इमारतीभोवतालची किंवा रस्त्याकडेची माती न घेता ज्ञात ठिकाणची माती, नारळाचा भुसा आणि स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत वापरणे व नळाचे पाणी देणे अधिक सुरक्षित ठरते.

आहारातील उपयोग

पंजाबात मोहरीच्या पानांचे ‘सरसों का साग’ मक्याच्या रोटीबरोबर खातात. नेपाळमध्ये मोहरीवर्गीय पाने आंबवून व वाळवून ‘गुंद्रुक’ करतात, तर जपानमध्ये ‘ताकाना’ या वाणाचे लोणचे घालतात. मराठी पद्धतीच्या स्वयंपाकात ही पाने लसूण, कांदा व हिरवी मिरची घालून परततात किंवा भिजवलेली हरभरा डाळ घालून शिजवतात. वरून ओले खोबरे घातल्यास तिखटपणा सौम्य होतो. ज्वारीच्या किंवा बाजरीच्या भाकरीशी ही भाजी जुळते.

पानांत क व के जीवनसत्त्व तसेच कॅल्शियम भरपूर असते. पालकाच्या तुलनेत ऑक्झॅलेट कमी असल्याने हे कॅल्शियम शरीरात अधिक चांगले शोषले जाते. वॉरफेरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्वामुळे या भाजीचे प्रमाण अचानक वाढवू किंवा कमी करू नये. त्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.