घर सोडावे लागलेल्यांचा आश्रयाचा हक्क #थ्रेड
१/७ वर्सोव्याच्या यारी रोडवर, सात बंगल्याच्या गल्ल्यांत देशभरातून माणसे भाड्याची खोली शोधत येतात. बहुतेकांना सिनेमा बोलावतो. काहींना मात्र आपल्या प्रेमामुळे वा लिंगओळखीमुळे घर सोडावे लागलेले असते. अशांचा आश्रयाचा हक्क जगाने कसा मान्य केला, त्याचा हा इतिहास.

२/७ १९५१ च्या निर्वासितविषयक करारात छळाची पाच कारणे आहेत : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि ‘विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व’. लैंगिकतेचा उल्लेख नाही. पुढचा सारा लढा या पाचव्या कारणाच्या अर्थावरून झाला.

३/७ १९८१ मध्ये नेदरलँड्सने समलिंगी व्यक्तींचा छळ या व्याख्येत बसू शकतो, हे प्रथम मान्य केले. तरीही अनेक देश सांगत राहिले, ‘परत जा आणि लपून राहा.’ २०१० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने इराण व कॅमेरूनच्या दोन पुरुषांच्या खटल्यात हा युक्तिवाद फेटाळला. आयुष्यभर लपून राहणे म्हणजे सुरक्षितता नव्हे.

४/७ भारताने तो करार स्वीकारलेला नाही. आपल्याकडे स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. त्यात १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७. घरातून पळालेल्याने पोलिसांकडे जावे, तर तोच गुन्हेगार ठरण्याची भीती.

५/७ म्हणून मुंबईत आधार आधी समाजातूनच उभा राहिला. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले, १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ची स्थापना झाली. वाकोल्यात, महापालिकेच्याच जुन्या इमारतीत, तिचे केंद्र उभे राहिले.

६/७ ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून मुक्त झाले; घरचा धाक मात्र उरला. २०२१ मध्ये मदुराईहून चेन्नईला पळालेल्या दोन तरुणींना मद्रास उच्च न्यायालयाने संरक्षण दिले. पारलिंगी व्यक्तींसाठी केंद्राची ‘गरिमा गृह’ योजना २०२० पासून निवारा, भोजन आणि कौशल्य-प्रशिक्षण देते.

७/७ पण निवारा ही पहिली पायरी. पुनर्वसन पुरे होते ते कागदपत्रे, नोकरी आणि स्वतःच्या नावाचा भाडेकरार हाती आल्यावर. न्यायालयाने दिलेला हक्क शेवटी घरमालकाच्या आणि सोसायटीच्या दारात सिद्ध व्हावा लागतो. आणि त्या दाराच्या आत आपणच राहतो.